सल्ला हवा: शाळेच्या भंगारातून आलेला बीबीसी मायक्रो, इंदूरमध्ये दुरुस्त करायचाय

पोहेजलेबी
नमस्कार मंडळी. एका जुन्या शाळेच्या अडगळीतून बीबीसी मायक्रो मॉडेल बी मिळालाय, म्हणजे १९८० च्या दशकातला ब्रिटिश संगणक. कीबोर्ड पूर्ण आहे, लाल फंक्शन कीज शाबूत, मागे धूळ भरपूर. मॉनिटर नाही, कॅसेट नाही. मल्टीमीटर आणि २५ वॅटची सोल्डरिंग आयर्न आहे. अजून प्लग लावलेला नाही. तीन प्रश्न: लावून बघू का? सामान इंदूरमध्ये मिळेल की सगळं मागवावं लागेल? आणि टीव्हीला जोडायचा कसा?

कथीलकाका
लावू नका. पहिल्या प्रश्नाचं उत्तर एवढंच.

या मशीनच्या पॉवर सप्लायमध्ये मेन्सच्या बाजूला दोन पिवळट पारदर्शक कंडेन्सर असतात, रिफा कंपनीचे. आत धातूचा थर दिलेला कागद, वरून इपॉक्सी. चाळीस वर्षांत इपॉक्सीला बारीक तडे जातात, तड्यांतून दमट हवा आत शिरते, आणि इंदूरच्या एका पावसाळ्याला तेवढं पुरे. प्लग लावला की पाच मिनिटांत किंवा पाच सेकंदांत फट् करून फुटतात. मशीन बहुधा वाचतं, पण धूर आणि तो वास चार दिवस खोलीत राहतो. चालू मशीनमध्येसुद्धा ते आधी बदलायचे, "चालतंय ना" म्हणून ठेवायचे नाहीत.

झाकण: मागे दोन आणि खाली दोन स्क्रू, शेजारी 'फिक्स' असं छापलेलं असतं. सप्लायचा डबा आत डाव्या हाताला, खालून तीन स्क्रूंवर. त्यातून मदरबोर्डवर सात तारा जातात: तीन लाल (+५), तीन काळ्या (०), एक जांभळी (-५). काढण्याआधी फोटो घ्या. लाल-काळी उलटी बसली तर अर्धा बोर्ड गेला समजा.

बदलायचं ते असं:
०.१ मायक्रोफॅरड, एक्स२, २७५ व्होल्ट एसी – १ नग
०.०१ मायक्रोफॅरड, एक्स२, २७५ व्होल्ट एसी – १ नग
२२० मायक्रोफॅरड इलेक्ट्रोलिटिक, १०५ डिग्रीचा – १ नग. हा सप्लाय सुरू होण्याच्या सर्किटमध्ये बसतो आणि म्हातारा झाला की सप्लाय टिक-टिक करतो किंवा उठतच नाही.

नवीन एक्स२ प्लास्टिक फिल्मचे, चौकोनी पिवळे येतात. पायांमधलं अंतर जुन्यापेक्षा कमी असतं, म्हणून आधी पट्टीने मोजा.

आठबिट_भिया
महाराणी रोडला विचारा. पण काउंटरवर "कंडेन्सर द्या" म्हणालात तर पंख्याचा हातात ठेवतील. "एक्स२, टू सेव्हन्टी फाइव्ह एसी" असंच म्हणायचं. चिपा मात्र इथे शोधू नका, त्या मागवाव्या लागतात. चिपांचे पाय पुसायला आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडे मिळतं.

कथीलकाका
@आठबिट_भिया बरोबर. आणि दुकानदार "चारशे व्होल्ट डीसी आहे, चालेल की" म्हणाला तर नमस्कार करून बाहेर पडा. एक्स२ थेट मेन्सवर बसतो, लाइनवरचे झटके खाण्यासाठी बनवलेला असतो आणि बिघडला तरी पेटू नये अशी त्याची परीक्षा झालेली असते. साध्या डीसी कंडेन्सरची ती झालेली नसते.

पोहेजलेबी
पूर्ण सप्लायच नवा टाकला तर? ५ आणि १२ व्होल्टचे तयार मिळतात.

वैशाली_बडोदा
मिळतात. मीनवेलचा आरडी-३५ए ५ व्होल्टला ४ अँपिअर आणि १२ व्होल्टला १ अँपिअर देतो, मशीनला तेवढं पुरतं. पण -५ व्होल्ट त्यात नाहीत आणि सीरियल पोर्टला ते लागतात. शिवाय मूळ डब्यात बसवायला धातूकाम आलं. तीन कंडेन्सरांत जे काम होतंय त्यासाठी मी हे करणार नाही. ट्रान्सफॉर्मर किंवा स्विचिंग ट्रान्झिस्टर गेला असेल तरच.

डबा उघडाल तेव्हा: २३० व्होल्ट रेक्टिफाय झाल्यावर मोठ्या कंडेन्सरवर सुमारे ३२५ व्होल्ट डीसी असतात. प्लग काढल्यावरही थोडा वेळ राहतात. पाच मिनिटं थांबा, मग मीटरने बघा, १० व्होल्टच्या खाली आल्याशिवाय हात नाही. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करून ठिणगी उडवण्याची जुनी रेडिओवाल्यांची सवय इथे नको.

पहिली चाचणी बोर्डाशिवाय, आणि फेजच्या तारेत ६० वॅटचा जुना फिलामेंटवाला बल्ब सिरीजमध्ये. एलईडी बल्ब नाही! बल्ब क्षणभर चमकून मंद झाला तर ठीक, पूर्ण पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे. हा सप्लाय रिकामा चालवू नका, थोडा लोड हवा. ५ व्होल्टवर ४.७ ओहम १० वॅटचा रेझिस्टर लावा, साधारण १ अँपिअर ओढेल. तो तापतो, टेबलाच्या सनमायकावर ठेवू नका. रेझिस्टर नसेल तर गाडीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब चालतो.

मग बोर्ड जोडून व्होल्टेज बोर्डवरच मोजा, सप्लायच्या टोकाला नाही. ४.९ ते ५.१ हवेत. ४.७५ च्या खाली टीटीएल चिपा (५ व्होल्टवर चालणाऱ्या जुन्या लॉजिक चिपा) वेड्यासारख्या वागतात आणि माणूस उगाच रॅम बदलत बसतो. तिन्ही लाल तारांचे स्पेड (टोकाच्या चपट्या क्लिपा) घट्ट हवेत, एकही मोकळी ठेवायची नाही.

आठबिट_भिया
चालू केल्यावर कान द्या. निरोगी मशीन "बूऽऽ-बीप" करतं: आधी खालचा सूर, लगेच छोटा वरचा. खालचा सूर म्हणजे साउंड चिप वीज मिळताच आपली आपण बोलते ती. ओएस सुरू झाली की तिला गप्प करते आणि बीप देते. म्हणून नुसता "बूऽऽऽ" थांबतच नसेल तर प्रोसेसर कामाला लागलेलाच नाही.

तेव्हा लगेच चिपा बदलायच्या नाहीत. आधी सॉकेटमधली प्रत्येक चिप अंगठ्याने दाबा. चाळीस वर्षांच्या गरम-थंडीने त्या हळूहळू वर सरकतात आणि पायांवर काळपटपणा येतो. नाही जमलं तर एकेक काढून पाय आयपीएने पुसा, बसवताना खाच कुठे आहे ते बघा. उलटी बसवलेली ईप्रॉम (प्रोग्रॅम साठवलेली चिप) सहसा कायमची जाते.

कथीलकाका
पडद्यावर काय येतं त्यावरून पुढे जायचं.

'बीबीसी कॉम्प्युटर ३२के', खाली 'बेसिक' आणि बाणासारखी खूण: सुदृढ.
'लँग्वेज?': ओएस चालतेय, बेसिकची रॉम सापडत नाही. डावीकडून दुसरं सॉकेट, आयसी ५२ (हे आकडे बोर्डवर छापलेले असतात). दहातल्या नऊ वेळा दाबल्यावर येते.
'३२के'ऐवजी '१६के': मॉडेल बी असेल तर अर्धी रॅम दिसत नाहीये. सोळा ४८१६ रॅम चिपा आहेत, आयसी ५३ ते ६८. जागी ४११६ बसवू नका, तिला +१२ आणि -५ पण लागतात, ४८१६ फक्त ५ वर चालते. पाय जुळतात म्हणून फसायला होतं.
सुरुवातीचा पडदा चिंध्या, पण न बघता 'मोड ४' टाइप करून रिटर्न मारल्यावर नीट: टेलिटेक्स्टची चिप एसएए५०५०, कारण ती फक्त मोड ७ मध्ये, म्हणजे सुरुवातीच्याच पडद्यात, वापरली जाते. दोन्हीकडे चिंध्या असतील तर व्हिडिओ यूएलए (चित्र तयार करणारी चिप) किंवा रॅम. फेरांटीची यूएलए गरम होते, डोक्यावर हीटसिंक असेल तर काढू नका.

काहीच नसेल तर प्रोसेसरच्या, म्हणजे ६५०२ च्या, ४० नंबर पायावर मीटर: चालू करताक्षणी शून्य, मग ५ व्हायला हवेत. तिथे शून्यच राहिलं तर रिसेटचं सर्किट बघा, प्रोसेसर निर्दोष असू शकतो. बदली प्रोसेसर मागवताना ६५०२ मागे 'ए' हवा, मशीन २ मेगाहर्ट्झवर चालतं आणि नुसता ६५०२ १ मेगाहर्ट्झचा.

एक फुकटची युक्ती. आयसी ३ आणि आयसी ६९ दोन्ही ६५२२ (इनपुट-आउटपुटच्या चिपा) आहेत. ३ शिवाय मशीन उठत नाही, ६९ शिवाय उठतं. सॉकेटमध्ये असतील तर ६९ मधली काढून ३ मध्ये लावून बघा.

पोहेजलेबी
सप्लाय उघडला. ०.१ च्या अंगावर उभी चीर आहे, नखाला लागते. तिन्ही कंडेन्सर उद्या आणतो. टीव्हीचं सांगा ना ताई.

वैशाली_बडोदा
थोडक्यात बचावलात!

मागच्या बीएनसी सॉकेटमधून (गोल, फिरवून लावायचं) कॉम्पोझिट, म्हणजे एकाच तारेतला व्हिडिओ, निघतो. सीसीटीव्हीवाल्यांकडचा बीएनसी ते आरसीए कन्व्हर्टर लावा, टीव्हीच्या पिवळ्या एव्ही सॉकेटात. चित्र कृष्णधवल येईल, तो बिघाड नाही. कारखान्यातून तसंच येतं. रंग हवे असतील तर बोर्डवरचा एस३९ लिंक (दोन टोकांचा जोड) जोडायचा. पण रंगामुळे ८० अक्षरी ओळी वाचवत नाहीत, म्हणून प्रोग्रॅमिंगसाठी तो न जोडलेलाच बरा. रंग हवेच तर बाजूच्या ६ पिन डिनमधून आरजीबी घेणं योग्य. ते टीटीएल पातळीचं असतं, मॉनिटरला थेट न देता मध्ये रेझिस्टर लागतात.

आठबिट_भिया
प्रोग्रॅम लोड करायला आत्ताच गोटेक (पेन ड्राइव्हवर चालणारा फ्लॉपी ड्राइव्हचा पर्याय) घेऊ नका. गोटेकला डिस्क इंटरफेस लागतं आणि प्रत्येक मॉडेल बीमध्ये ते बसवलेलं असतंच असं नाही. आयसी ७८ च्या जागी ४० पायांची ८२७१ (डिस्क कंट्रोलर) आहे का बघा. ती जागा रिकामी असेल तर युजर पोर्टवर एसडी कार्ड आणि सोबत एमएमएफएसची (ते कार्ड वाचणाऱ्या सॉफ्टवेअरची) रॉम स्वस्तात पडते.

सुरुवातीला मोबाइल पुरे. ५ पिनचा १८० अंशी (पिना अर्धवर्तुळात) गोल डिन प्लग मागच्या ७ पिनच्या कॅसेट सॉकेटात बसतो. मधली पिन ग्राउंड, ३ नंबरवर मोबाइलच्या एकाच चॅनलचा आवाज. मशीनवर टाइप करा '*टेप', मग चेन आणि दोन अवतरणचिन्हं. मोबाइलचा इक्वलायझर बंद, आवाज पाऊणच्या वर, नोटिफिकेशन बंद. मध्येच व्हॉट्सअॅप वाजलं की 'डेटा?' येतं, आणि ब्लॉक निसटला की 'ब्लॉक?'. तेव्हा टेपवर करायचो तेच करा: थोडं मागे नेऊन परत चालवा, मशीन तिथूनच उचलतं.

पोहेजलेबी
केस फारच पिवळी पडलीय. हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवू?

कथीलकाका
आधी साबणाच्या पाण्याने धुऊन बघा, अर्धा पिवळेपणा मळ असतो. पेरॉक्साइडने ढग उमटतात, ते जात नाहीत, आणि पिवळेपणा काही वर्षांत परत येतो. करायचंच तर केसांच्या डेव्हलपरचं क्रीम, वर प्लास्टिकची पातळ फिल्म, दर अर्ध्या तासाला फिरवून. मे महिन्यात गच्चीवर नको, केस वाकेल.

आणि आत तळाला शाळेचा शिक्का किंवा स्टिकर असेल तर तो पुसू नका. १९८४ मध्ये केंद्र सरकारने क्लास नावाच्या योजनेत शाळांना बीबीसी मायक्रो दिले होते. स्टिकर असलेलं मशीन संग्राहकाला जास्त हवं असतं.