पुण्याच्या आसपास नवशिक्या सायकलस्वारांना झेपतील असे रस्ते : आपले अनुभव लिहा

सायकल घेऊन जेमतेम एक महिना झाला होता तेव्हा एका अनुभवी स्नेह्यांनी मला सांगितले की, कोथरूडहून भूगावपर्यंत जाऊन या, रस्ता सपाटच आहे. चांदणी चौकाच्या चढावर मी दोनदा थांबलो, तिसऱ्यांदा सायकल हातात धरून चालू लागलो, आणि भूगावचा मानस तलाव काही त्या दिवशी पाहिला नाही. स्नेही खोटे बोलत नव्हते. घाट चढून ज्याचे पाय तयार झाले आहेत, त्याला तो चढ जाणवतच नाही. तेव्हापासून माझे मत असे झाले आहे की, सोपा रस्ता विचारायचा असेल तर तो ज्याला आपली पहिली धाप अजून आठवते त्यालाच विचारावा. म्हणून ज्यांनी गेल्या एक-दोन वर्षांत सुरुवात केली आहे, त्यांनी येथे लिहावे ही विनंती. कुठून निघालात, किती वाजता, कुठे दमलात, कुठून मागे फिरलात आणि परतीचा प्रवास कसा झाला, हे सविस्तर सांगावे. सरासरी वेग लिहू नये. त्याने नवशिक्याला धीर येत नाही.

*

सिंहगड रस्ता, वय 47, नोकरदार

माझा रस्ता खडकवासल्याचा. राजाराम पुलापासून धरणापर्यंतचे अंतर बारा-तेरा किलोमीटर आहे, पण ते मी एका दिवसात गाठले नाही. पहिल्या रविवारी वडगाव, दुसऱ्या रविवारी नांदेड फाटा, नंतर दोन रविवार किरकटवाडी आणि मग धरण, असे टप्पे मी ठरवून घेतले होते. या रस्त्याचा मोठा गुण म्हणजे तो सरळ जाऊन त्याच वाटेने परत येण्याचा आहे, त्यामुळे पाय दुखू लागले, आभाळ भरून आले किंवा नुसता कंटाळा आला तरी कुठूनही मागे फिरता येते. गोल फिरून येणाऱ्या रस्त्यावर ही सोय नसते; अर्धे अंतर संपले की पुढे जाणे आणि मागे येणे सारखेच लांब पडते.

दुसरा गुण मला फार उशिरा उमगला. धरण नदीच्या वरच्या अंगाला आहे, म्हणजे जाताना आपण डोळ्यांना न दिसणारा चढ चढत असतो. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात वाराही बहुतेक पश्चिमेकडून येतो, म्हणजे तो जाताना तोंडावर असतो. पहिल्या काही वेळा मला वाटे की ब्रेक चाकाला घासत असावा, आणि मी दोनदा सायकल उलटी करून चाक फिरवूनही पाहिले. येताना मात्र तीच सायकल आपोआप चालल्यासारखी वाटते. दमलेल्या माणसाला परतीचा रस्ता हलका मिळणे ही किती मोठी गोष्ट आहे, हे मला पुढे कळले.

वेळेबाबत मात्र कडक राहावे लागते. आम्ही सहाला निघून साडेसातपर्यंत परतीला लागतो. सुट्टीच्या दिवशी आठ वाजून गेले की धरणाकाठच्या चौपाटीवर आणि सिंहगडावर जाणाऱ्या गाड्यांची रांग सुरू होते आणि भजी, कणसांच्या गाड्यांपाशी कोण कुठे वळेल ते सांगता येत नाही. उलट पहाटे पाचच्या आधी निघाले तर अंधार आणि भटकी कुत्री यांचा त्रास होतो. कुत्रे अंगावर आले की जोरात पळवण्यापेक्षा खाली उतरून, सायकल मध्ये धरून, शांतपणे चालत गेलेले बरे, हा माझा अनुभव आहे. बायकांसाठी आणखी एक गोष्ट मुद्दाम लिहिते, कारण ती कोणी लिहीत नाही: नव्या रस्त्यावर जाण्याआधी वाटेत स्वच्छतागृह असलेला पेट्रोल पंप कुठे आहे ते पाहून ठेवावे. त्या एका माहितीवाचून मी कित्येक वेळा पाणी न पिता सायकल चालवली आहे, आणि ते चुकीचे होते.

धरणाच्या पुढे डोणजे फाट्यापर्यंतचा तलावाकाठचा रस्ता थोड्या चढ-उतारांचा आणि सुंदर आहे. फाट्यावर डावीकडे गडाची वाट जाते. ती नवशिक्याची नाही.

*

औंध, वय 63, सेवानिवृत्त

मी सायकलींच्या पुण्यात वाढलो. कॉलेजला सायकलनेच गेलो, डबलसीट गेलो, दिवा नसल्याबद्दल पोलिसांनी अडवलेही. त्यामुळे चाळीस वर्षांनी पुन्हा बसताना मला शिकण्यासारखे काही नाही असा माझा समज होता. तो आठवडाभरात गेला. गिअरची सायकल ही वेगळीच चीज आहे. चढ लागल्यावर, पॅडलवर सगळे वजन टाकून गिअर बदलायला गेलो की चेन कडकड वाजे आणि एकदा ती उतरलीच. चढ समोर दिसताच, पाय हलके फिरत असतानाच गिअर उतरवायचा असतो, हे मला एका शाळकरी मुलाने सांगितले.

माझी सुरुवात विद्यापीठाच्या आवारात झाली. चारशेहून अधिक एकरांचा परिसर, वडा-चिंचेची सावली, कमी वाहने आणि गिअर-ब्रेक समजून घेण्यापुरते छोटे चढ-उतार, असे सगळे तेथे एकत्र मिळते. आत सोडण्याचे नियम बदलत असतात, म्हणून प्रवेशद्वारावर विचारून जावे. महिनाभराने मी पाषाण तलावापर्यंत जाऊ लागलो.

गुडघा दुखू लागला तेव्हा मी वयाला दोष दिला. दोष सीटचा निघाला. ज्या दुकानातून सायकल घेतली तेथे माझी उंचीही न विचारता होती ती सायकल माझ्या हाती दिली होती आणि सीट पार खाली बसवलेली होती. पॅडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहील इतकी सीट वर घेतली आणि पंधरा दिवसांत दुखणे थांबले. हवेचेही तसेच आहे. टायरच्या कडेवर दाबाचा आकडा छापलेला असतो, तो पाहून हवा भरावी. बोटाने दाबून ‘ठीक आहे’ म्हणण्याची आमची जुनी रीत सोडून द्यावी. कमी हवेने सपाट रस्ताही चढाचा होतो.

*

मोशी, कारखान्यात पाळीवर काम

आमच्या भागात आळंदी ते देहू हा रस्ता आहे. आळंदी, डुडुळगाव, मोशी, चिखली, तळवडे, देहू असा तो जातो आणि मोठा चढ कुठेही नाही. मोशीला पुणे-नाशिक महामार्ग ओलांडावा लागतो, तेवढी एक जागा सोडली तर नवशिक्याला भीती वाटावी असे फारसे नाही. मी सिग्नलला खाली उतरून, सायकल हाताने ढकलत ओलांडतो आणि त्याची मला लाज वाटत नाही.

घड्याळापेक्षा येथे पंचांग पाहून निघावे. कार्तिकी वारीला आळंदीत, तुकाराम बीजेला देहूत आणि पालख्यांच्या प्रस्थानाच्या दिवसांत या रस्त्यावर सायकल काय, माणूसही धड चालू शकत नाही. एरवीच्या एकादशीलाही पहाटेपासून दिंड्या असतात. त्या दिवशी मी सायकल घरी ठेवून पायीच जातो. तळवड्याजवळ पाळी सुटण्याच्या वेळेला बसगाड्या आणि ट्रक वाढतात. मी स्वतः त्याच गर्दीचा भाग असल्यामुळे ती वेळ मला पाठ आहे. रविवारी सकाळी रस्ता मोकळा मिळतो. इंद्रायणीच्या घाटावर बसून चहा प्यायचा आणि परत यायचे, एवढाच माझा कार्यक्रम असतो.

*

वाघोली, वय 29

वरच्या ताईंनी वाऱ्याबद्दल लिहिले आहे, त्याची उलटी बाजू मी भोगली आहे. वाघोलीहून केसनंद, कोलवडीमार्गे थेऊरला जाणारा रस्ता मी निवडला, कारण सोलापूर महामार्गावरून जाण्याची हिंमत नव्हती आणि तो निर्णय योग्यच होता. दोन्ही बाजूंना ऊस, नदीवरचा पूल, आणि पुढे चिंतामणीचे देऊळ. थोरल्या माधवराव पेशव्यांनी 1772 मध्ये जेथे देह ठेवला ते हे थेऊर. जाताना मी इतक्या सहज पोहोचलो की आपण आता तयार झालो असे वाटले. मे महिना होता, दर्शन आणि नाश्ता होईपर्यंत साडेदहा वाजले, आणि परत निघालो तेव्हा पश्चिमेचा वारा थेट छातीवर आला. जाताना तोच पाठीशी होता, हे तेव्हा लक्षात आले. वाटेत तीन वेळा सावली शोधून बसलो, बाटलीतले पाणी संपले, आणि शेवटी एका टेम्पोवाल्या काकांनी सायकल मागे टाकून मला केसनंदपर्यंत आणले. त्यांनी पैसे घेतले नाहीत, उपदेश मात्र भरपूर केला.

पूर्वेकडे जाणाऱ्यांनी म्हणून अंतर निम्मेच धरावे आणि नऊच्या आत घरी असावे. उसाच्या हंगामात ट्रॉल्यांवरून ऊस रस्त्यावर पडतो आणि त्यावरून बारीक टायर सहज घसरतो, हेही लक्षात ठेवावे.

*

कात्रज, वय 22, विद्यार्थी

मी न ऐकणाऱ्यांपैकी आहे. दुसऱ्याच महिन्यात मित्रांबरोबर बोपदेव घाट गाठला. चढ मी रखडत-रखडत चढलो. खरा प्रश्न उतरताना आला. भीतीने दोन्ही ब्रेक सतत आवळून धरल्यामुळे मनगटे बधिर झाली आणि वळणावर बोटांत जोरच उरला नाही. सुदैवाने कडेच्या मातीत पडलो. कोपर आणि हँडल यांवर भागले. उतारावर ब्रेक थोडा-थोडा, सोडून-सोडून लावायचा, वळणाच्या आधी वेग कमी करायचा आणि अंगाचा भार मागे घ्यायचा, हे सरावाने येते. तो सराव घाटात करायचा नसतो. कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावर तर कोणीही सायकल घालू नये, तेथे अवजड वाहनांनाही वेग आवरत नाही.

*

धायरी, सायकल घेऊन तीन आठवडे

माझा अनुभव फार छोटा आहे, पण बोलावणे आमच्यासारख्यांनाच आहे म्हणून लिहितो. खडकवासल्याचे टप्पे वाचून काल सव्वासहाला निघालो. किरकटवाडीच्या अलीकडे मागचे चाक बसले. पंक्चरचे सामान पिशवीत होते, पण टायर रिमवरून कसा काढायचा हे मी कधी करून पाहिले नव्हते, आणि त्या वेळी एकही पंक्चरवाला उघडलेला नव्हता. चालत घरी आलो. दुपारी अंगणात बसून दोनदा ट्यूब काढली आणि घातली. पहिल्यांदा पाऊण तास लागला, दुसऱ्यांदा वीस मिनिटे. पुढच्या रविवारी पुन्हा किरकटवाडीपर्यंतच जाणार आहे.