मदत हवी आहे : टीममधील विचारपद्धतींचा मेळ कसा घालावा?

नमस्कार. मी वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात गुणवत्ता विभाग सांभाळतो. वेल्डिंगच्या जिगमधील (भाग जागेवर धरून ठेवणाऱ्या साच्यातील) लोकेटिंग पिन झिजल्यामुळे ब्रॅकेटची छिद्रे सरकू लागली, तेव्हा एका सहकाऱ्याने पिनचे मटेरियल आणि तपासणीचे वेळापत्रक बदलण्याचा नेटका प्रस्ताव मांडला. दुसऱ्याने मात्र, हा जोड मुळात हवाच कशाला, दोन्ही भाग एकाच पत्र्यातून प्रेस करू, असे म्हणून चर्चेची दिशाच बदलली. दोघेही हुशार आहेत, पण पहिल्याला दुसरा हवेत बोलणारा वाटतो आणि दुसऱ्याला पहिला चाकोरीबद्ध.

मानसशास्त्रज्ञ मायकेल कर्टन यांनी १९७६ मध्ये मांडलेल्या 'अडॅप्शन-इनोव्हेशन' सिद्धान्तानुसार हा फरक कुवतीचा नसून शैलीचा आहे, आणि त्यांच्या प्रश्नावलीत तो ३२ ते १६० गुणांच्या पट्टीवर मोजला जातो: कमी गुण म्हणजे आहे त्या चौकटीत सुधारणा करण्याकडे कल, जास्त गुण म्हणजे चौकटच बदलण्याकडे. (जास्त गुण म्हणजे अधिक सर्जनशील माणूस, असा त्याचा अर्थ नाही, वरिष्ठांना हे पटवणे अवघड जाते.)

कारखान्यातील मराठी भाषक टीमसाठी ही किंवा अशी चाचणी कोणी वापरली आहे का? निकाल सर्वांसमोर ठेवावेत की ज्याचे त्याला द्यावेत? शिवाय, तातडीचा उपाय आणि मुळातून बदल यांसाठी वेगळ्या बैठका घेणे उपयोगी पडते का, हेही अनुभवी सदस्यांनी कृपया सांगावे.