मदत हवी आहे: केव्हिंगला नवीन माणसं येतात आणि गायब होतात

साखळीकर_दोरवाला (सोमवार, रात्री १०:४२)
मंडळी जरा पटापट सांगा, शनिवारी आमची मीटिंग आहे. आमच्या गोव्यातल्या केव्हिंग (गुहांमध्ये शिरून फिरायचा छंद) ग्रुपला नवीन माणसं हवीत. पोस्ट टाकली की मेसेज धो धो येतात, पहिल्या रविवारी ही गर्दी, फोटोबिटो, दुसऱ्या रविवारी चार टाळकी आणि त्यानंतर परत आम्हीच जुने एकमेकांची तोंडं बघत. आता अर्धे म्हणतायत अट घाला, सगळे रविवार यायचं नाहीतर ग्रुपमधून काढणार. बाकीचे म्हणतात असं केलंत तर काळं कुत्रं फिरकणार नाही. नवीन माणसाकडून किती कमिटमेंट मागायची? 'आवड असेल तर येतीलच' हे कृपया कोणी लिहू नका, ऐकून कान किटलेत.

चोर्ला_घाट
पात्रांव, पहिल्या रविवारी नेमकं करता काय? आणि कुठल्या गुहेत? आपल्याकडे बघावं तिकडे जांभा दगड, मोठ्या गुहा नाहीतच, हरवळेची लेणी दहा मिनिटांत बघून होतात. माणसं कशाला थांबतील?

केपेकर_अंकल
आम्ही सोहराला (चेरापुंजी) गेलो होतो तेव्हा मावस्माय गुहा केली, आत लाईट लावलेत, मिसेसनी साध्या चपलांवर केली. त्यामुळे कमिटमेंट वगैरे काही लागत नाही. हॉटेलही छान होतं, नंबर हवा असेल तर मेसेज करा.

साखळीकर_दोरवाला
अंकल, हॉटेल नकोय. @चोर्ला_घाट गुहेत कुठे नेतोय एवढ्यात, पहिले काही महिने दोर. आंब्याला दोर बांधून चढणं, उतरणं, गाठी. हे वेगळं काय लिहायचं, केव्हिंग म्हटलं की दोर आलाच.

बेळगाव_रोड
नाही आला. बस्तरची कुटुमसर घ्या किंवा आंध्रातलं बेलम, ३ किलोमीटरच्या वर लांबी आहे त्याची, कुठे लागतो हो दोर? लोक तुमच्याकडे अंधार बघायला येतात आणि तुम्ही त्यांना महिनोन्महिने आंब्याला लटकवून ठेवता. मीही पळालो असतो.

थिवी_लोकल
@बेळगाव_रोड चुकीचा सल्ला आहे. एक हौशी माणूस सरपटायच्या जागेत घाबरून अडकला की मागचे सगळे अडकतात. २०१८ ला थायलंडमध्ये थाम लुआंग गुहेत काय झालं विसरलात? १२ मुलं आणि त्यांचा कोच, बाहेर काढताना सगळं जग कामाला लागलं. कडक अट हवीच, आणि सुरुवातीलाच पैसे भरून घ्या, फुकट म्हटलं की किंमत नसते.

बेळगाव_रोड
थाम लुआंगमध्ये पावसाचं पाणी भरलं, दोराचा काय संबंध? आणि मुलांना शोधलं कोणी, रिक स्टँटन आणि जॉन व्होलान्थन, एक निवृत्त फायरमन आणि एक आयटीवाला. गुहेत डायव्हिंग हा दोघांचा हौसेचाच प्रकार.

थिवी_लोकल
हो पण किती वर्षांची हौस ते पण सांगा ना. माझंच म्हणणं सिद्ध झालं.

डिचोलीची_माई
हरवळे दहा मिनिटांत होतात म्हणणाऱ्याने एकदा नीट बघावीत. पांडव राहिले होते तिथे.

चोर्ला_घाट
माई, काही जण ती बौद्धांची म्हणतात.

डिचोलीची_माई
म्हणू देत. लामगावची पण बघ मग सांग.

निशा_म्हापसा
मी पळालेल्यांपैकी आहे (तुमच्या नाही, दुसऱ्या ग्रुपमधून) म्हणून लिहिते. सकाळी सातला बोलवायचे, गाठ दाखवायचे, जुने लोक आपापसात जुने किस्से सांगत बसायचे. पुढे कुठे जायचंय, कधी, खर्च किती, काही पत्ता नाही. मातीने माखल्यावर कपडे बदलायची सोय विचारली तर हसले. गेले मग घरी. नंतर मैत्रिणीबरोबर मेघालयात गेले, तिथे गुहा मोजून नकाशा काढणाऱ्या एका सर्व्हेच्या टीमला टेप धरायला माणूस कमी होतं. मला काहीही येत नव्हतं, तरी टेपचं टोक धरून उभं केलं. मी आकडा ओरडायचा, वहीवाली तोच आकडा परत म्हणून दाखवणार आणि मगच लिहिणार, पेन्सिल तिच्या गळ्यात दोरीने बांधलेली, वहीला सगळा चिखल. गुहेचा एक फाटा वेळेअभावी मोजायचा राहिला, तिथे तिने नकाशावर प्रश्नचिन्ह काढलं. मला त्या प्रश्नचिन्हापाशी परत जायचंच होतं, गेलेही. कोणी अट घातली नव्हती.

चोर्ला_घाट
@निशा_म्हापसा हे भारी. मग आपणही जवळपास सर्व्हे करूया की, ती बारापेडे गुहा आहे ना खानापूर साईडला.

बेळगाव_रोड
अजिबात नाही! ते भीमगड अभयारण्य आहे, फॉरेस्टच्या परवानगीशिवाय पाऊल टाकायचं नाही. रॉटनचं वटवाघूळ पहिल्यांदा त्याच गुहेत मिळालं, १९१३ मध्ये त्याची शास्त्रीय नोंद झाली आणि नंतर कित्येक वर्षं जगात दुसरी जागाच माहीत नव्हती, अलीकडे मेघालयात वगैरे सापडलं. गर्दीने, टॉर्चने ती वस्ती उठली तर जबाबदार कोण? नवशिक्यांची बॅच तिथे नेणं म्हणजे गुन्हाच. दिवाळीनंतर कुटुमसर उघडी असते, पावसात बंद ठेवतात, गाईडबरोबर जा, सगळ्यांनी दोन मिनिटं टॉर्च विझवून बसा. कोण टिकणार ते तिथेच कळेल.

थिवी_लोकल
@साखळीकर_दोरवाला एक सांगा, दोर शिकवून नेता कुठे शेवटी?

साखळीकर_दोरवाला
मेघालय, दरवर्षी फेब्रुवारीत, दहा-बारा दिवस. तिथल्या खोल विहिरीसारख्या गुहांसाठी दोर. आणि खरं सांगायचं तर सगळे रविवार आलेली माणसंपण तिथे गळतात, ऑफिस एवढी सुट्टी देत नाही आणि विमानाचा खर्च.

बेळगाव_रोड
घ्या! हे चाळीस पोस्टनंतर सांगताय. म्हणजे तुम्ही रविवार मागताय आणि लागतात फेब्रुवारीचे बारा दिवस. पोस्टमध्ये पहिल्या ओळीत लिहा: फेब्रुवारी, इतके दिवस, इतका खर्च. ज्याला जमत नाही त्याने नुसतं कुटुमसरला यावं, त्यात काय कमीपणा आहे? अट ट्रिपपुरती घाला पण ती कडक. वेळेवर यायचं, प्रत्येकाकडे तीन लाईट, चार जणांपेक्षा कमी आत जायचं नाही म्हणजे एक जखमी झाला तर एक त्याच्याजवळ थांबेल आणि दोघं मदत आणतील, आणि किती वाजेपर्यंत बाहेर आलो नाही तर कोणाला फोन करायचा ते बाहेरच्या माणसाला लिहून द्यायचं. हे न पाळणारा दहा वर्षं जुना असला तरी घरी.

थिवी_लोकल
हे शेवटचं मान्य. पैशांचं मात्र मी म्हणतोय तेच बरोबर.

साखळीकर_दोरवाला
दोराची प्रॅक्टिस सोडणार नाही, पण ज्यांना फेब्रुवारीत यायचंय त्यांनाच लावू. कुटुमसरचं शनिवारी मांडतो. @निशा_म्हापसा कपडे बदलायचं आमच्या कोणाच्या डोक्यात पण नव्हतं आलं, शेजारच्या घरी विचारतो.

केपेकर_अंकल
माझा मेव्हणा आता रिटायर झालाय, फेब्रुवारीत मोकळाच आहे. न्याल का त्याला?

साखळीकर_दोरवाला
वय किती? गुडघे कसे आहेत? बंद जागेत घाबरतात का?

केपेकर_अंकल
स्वभावाने फार चांगला आहे.