कोड फोडणाऱ्यांनी युद्ध लढलं म्हणायचं का?

कट्ट्यावरचा_बाळ्या: काल जेवताना भावजींशी वाजलं, म्हणून इथे टाकतोय. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडात ब्लेचली पार्क नावाच्या ठिकाणी जर्मनांच्या एनिग्मा मशीनने कोडात टाकलेले संदेश फोडायचे, शेवटी शेवटी नऊ-दहा हजार माणसं होती तिथे आणि चारात तीन बायका. मी म्हणतो हे पण युद्धच लढले. भावजी म्हणतात, खुर्चीत बसून कसलं डोंबलाचं युद्ध!

रांगडा_गडी: भावजी बरोबर आहेत. अटलांटिकमध्ये टॉर्पेडो लागला की माणूस थेट बर्फासारख्या पाण्यात. ब्रिटिश मालवाहू जहाजांवर आपले रत्नागिरीकडचे खलाशी, गोव्याचे स्टुअर्ड पण होते बरं का, त्यांची नावं कोणाला ठाऊकेत? आणि हे ब्लेचलीवाले शिफ्ट संपली की खोलीवर जाऊन झोपणार. हुशार होते, मान्य, पण एका तराजूत नका तोलू.

सुईदोरा: "शिफ्ट संपली की झोपणार" 😄 अहो तिथे एनिग्माचा कोड फोडायला बॉम्ब नावाची मशीन होती, माणसापेक्षा उंच, टनभर वजनाची, ती नौदलाच्या विशीतल्या पोरी चालवायच्या, ड्रमच्या मागे बारीक तारांचे ब्रश असायचे आणि दोन तारा चिकटल्या की शॉर्ट, म्हणून चिमटा घेऊन एकेक तार सुटी करत बसायचं, रात्री बारा ते सकाळी आठ, तेलाचा वास नि सतत खडखडाट. वर 1974 पर्यंत घरात अवाक्षर काढायचं नाही. कित्येकींचे आईवडील गेले तोवर, लेकीने काय केलं ते न कळताच.

रांगडा_गडी: ताई, गप्प बसून कोणी मरत नाही.

जुना_सिग्नलवाला: मग मेलेल्यांचंच सांगतो. 30 ऑक्टोबर 1942, भूमध्य समुद्र, यू-559 ही जर्मन पाणबुडी बुडत होती. फॅसन आणि ग्रेझियर असे दोन ब्रिटिश नौसैनिक आत उतरले, कोडची पुस्तकं वर दिली आणि पाणबुडीसोबतच गेले. ब्लेचलीला फेब्रुवारीपासून यू-बोटींचे अटलांटिकचे संदेश वाचता येत नव्हते, त्या पुस्तकांमुळे डिसेंबरात परत जमलं. आता गंमत बघा, दोघांना व्हिक्टोरिया क्रॉस नाही मिळाला, जॉर्ज क्रॉस मिळाला, कारण म्हणे हे काही शत्रूच्या समोर केलेलं नव्हतं. म्हणजे लढाई कशाला म्हणायचं यात सरकार पण भावजींच्याच पार्टीत!

रांगडा_गडी: बघा, मेले ते नौसैनिकच ना? माझाच मुद्दा झाला.

सुईदोरा: आणि ती पुस्तकं वापरणारं ब्लेचलीत कोणी नसतं तर? रद्दीसाठी मेले असते बिचारे.

कट्ट्यावरचा_बाळ्या: भावजींना सगळं वाचून दाखवलं. त्या पाणबुडीवरून जिवंत परत आलेला तिसरा, टॉमी ब्राउन, जहाजाच्या कॅन्टीनमधला 16 वर्षांचा पोरगा होता, वय खोटं सांगून आलेला, हे मी शोधून सांगितलं तर म्हणतात, "तो चालेल."