जन्मतः हात नसेल तर झेड ८९ नव्हे, क्यू ७१

एका पालकांनी विचारलंय, की बाळाचा डावा तळहात जन्मापासूनच नाही, तरी कागदावर झेड ८९ कोड पडलाय. त्याने काय बिघडतं? बिघडतं. आयसीडी-१० मध्ये, म्हणजे आजारांच्या नोंदीसाठीच्या आंतरराष्ट्रीय कोडयादीत, झेड ८९ म्हणजे अपघाताने किंवा शस्त्रक्रियेने गेलेला अवयव. जन्मजात कमतरतेसाठी हाताला क्यू ७१, पायाला क्यू ७२. तळहात आणि बोटं नसतील तर क्यू ७१.३. दुरुस्ती जरूर मागून घ्या.

हा नुसता कारकुनी फरक नाही. मधेच कापाव्या लागलेल्या हाडाचं टोक मुलाच्या वाढत्या वयात पुढे वाढून कातडीला टोचू लागतं, कधी पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. जन्मजात कमतरतेत हे क्वचितच होतं. आणि क्यू ७१.४ असेल, म्हणजे अंगठ्याकडचं रेडियस हाड अपुरं असेल, तर हृदय, मूत्रपिंडं आणि रक्त तपासायलाच हवं. फँकोनी अॅनिमिया या आनुवंशिक रक्तविकारात हातातला दोष जन्मतःच दिसू शकतो, रक्त मात्र बहुधा काही वर्षांनी बिघडतं. चुकीच्या कोडमुळे ही तपासणी राहून जाऊ शकते, मला काळजी त्याचीच वाटते.

कृत्रिम हाताबद्दल: पहिला साधा हात बाळ बसायला लागलं की, साधारण सहाव्या महिन्याच्या सुमारास देतात. वाढीबरोबर सॉकेट, म्हणजे हाताचं टोक ज्यात बसतं तो भाग, बदलावा लागतो. मुलाने तो काढून टाकला तर रागावू नका हो. हाताच्या उघड्या टोकाला स्पर्श कळतो, म्हणून बरीच मुलं खेळणं त्या टोकानेच छातीशी दाबून धरतात आणि दुसऱ्या हाताने झाकण उघडतात.