डेबियन १२ चा कर्नल स्वतः कंपाइल करावा का?

प्रश्न : खानापूरवासी
नमस्कार. माझ्या डेस्कटॉपवर डेबियन १२ ही लिनक्स प्रणाली असून तिचा कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, ६.१ आहे. याच संगणकावर मी तालुक्यातील लोकांना कन्नड उताऱ्यांची आणि नोटिशींची मराठी भाषांतरे करून देतो, त्यामुळे तो बंद पडून चालणार नाही. नवा घेतलेला रियलटेक ८८२१सीयू चिपचा वाय-फाय डोंगल मात्र त्यावर चालत नाही. नव्या कर्नलचा सोर्स, म्हणजे मूळ कोड, उतरवून तो स्वतः कंपाइल करणे, म्हणजे त्यापासून चालणारा कर्नल बनवणे, कितपत सुरक्षित आहे?

उत्तर १ : निपाणीचा वाचक
या चिपच्या यूएसबी डोंगलचा ड्रायव्हर, म्हणजे तो चालवणारा प्रोग्रॅम, मुख्य कर्नलमध्ये ६.२ पासून, म्हणजे फेब्रुवारी २०२३ पासून आला, तेव्हा ६.१ मध्ये तो असणारच नाही. तरीही एवढ्यासाठी कंपाइल करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. डेबियन १२ साठी (टोपणनाव ‘बुकवर्म’) नवी पॅकेजे देणाऱ्या बुकवर्म-बॅकपोर्ट्स भांडारात ६.१२ हा दीर्घकाळ देखभाल होणारा कर्नल तयार मिळतो आणि त्यावर डेबियनची स्वाक्षरी असल्याने सिक्युअर बूट (मान्य स्वाक्षरीचाच कर्नल सुरू होऊ देणारी संगणकाची सोय) चालू असले तरी तो सुरू होतो. ते भांडार यादीत जोडल्याने बाकीची पॅकेजे आपोआप बदलत नाहीत. आपण नाव घेऊन मागाल तेवढेच तेथून येते. सोबत रियलटेकचे फर्मवेअर (चिपमध्ये भरावा लागणारा प्रोग्रॅम) असलेले पॅकेज घ्यावे. इंटरनेटसाठी तूर्त मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग, म्हणजे मोबाइलचेच इंटरनेट संगणकाला देणे, करता येईल.

जुना कर्नल मात्र काढू नका. नव्यात बिघाड झालाच, तर संगणक सुरू होताना येणाऱ्या ग्रब या मेनूतील ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून ६.१ निवडून त्याच दिवशी काम सुरू करता येते.

उत्तर २ : बेळगाव, टिळकवाडी
वरील सल्ला योग्यच आहे. पुढे कधी शिकण्यासाठी कंपाइल कराल, तर बूट फोल्डरमधील सध्याची कॉन्फिग (कर्नलच्या निवडींची) फाइल आधाराला घ्या, नव्या निवडींना ठरलेली उत्तरे भरणारी ‘मेक ओल्डडेफकॉन्फिग’ ही आज्ञा चालवा आणि ‘मेक बिनडेब-पीकेजी’ने डेब पॅकेजे बनवा, म्हणजे नको असलेला कर्नल नेहमीच्या पद्धतीने काढता येतो. वेळ वाचवण्यासाठी अनेक जण ‘लोकलमॉडकॉन्फिग’ वापरतात. पण ते फक्त त्या क्षणी लोड असलेली मॉड्यूल, म्हणजे ड्रायव्हरसारखे कर्नलचे सुटे भाग, ठेवते, त्यामुळे जो ड्रायव्हर आपल्याला हवा आहे नेमका तोच गळेल. शिवाय स्वतः बनवलेल्या कर्नलवर स्वतःच्या किल्लीने स्वाक्षरी करून ती किल्ली नोंदवली नाही, तर सिक्युअर बूट त्याला अडवते.

खानापूरकडे पावसाळ्यात वीज जाते म्हणून सांगतो : कंपाइल मध्येच तुटले, तर ‘मेक’ बहुतेक काम राखून पुढे चालते, परंतु इन्स्टॉल करताना इनिटरॅमएफएस (संगणक सुरू होताना कर्नलला आधी लागणारी फाइल) तयार होत असते, तेवढा वेळ यूपीएस हवाच.

खानापूरवासी
बॅकपोर्ट्सचा ६.१२ व्यवस्थित सुरू झाला. डोंगल मात्र वाय-फायऐवजी सीडी ड्राइव्ह म्हणून दिसतो.

निपाणीचा वाचक
अशा डोंगलमध्ये विंडोजचे ड्रायव्हर साठवलेले असतात आणि तो आधी त्याच रूपात उघडतो. यूएसबी-मोडस्विच हे पॅकेज बसवून डोंगल काढून पुन्हा लावा. एवढ्यानेही तो बदलला नाही, तर फाइल मॅनेजरमधून ती सीडी ‘इजेक्ट’ करून पाहा.