मदत हवी आहे: सेल फुल चार्ज, तरी वायरलेस माईक मध्येच बंद पडतो

निवेदिका_२
शनिवारी कार्यक्रम आहे, लवकर सांगा. माईक चालू केल्यावर पाचच मिनिटांत बॅटरीची एकच कांडी उरते आणि पाऊण तासात माईक गप्प. परवा पाहुण्यांचं नाव घेतानाच आवाज गेला, फार वाईट वाटलं. सेल रात्रभर चार्जिंगला होते, हिरवा दिवाही लागला होता.

खर्जातला_सा
हातातला माईक की कॉलरचा? सेल कोणते?

निवेदिका_२
हातातला. दोन पेन्सिल सेल लागतात. चार्जिंगचे आहेत, अजून काय सांगू?

पडद्यामागे
चार्जिंगचे सेल माईकला घालूच नयेत. मी दर प्रयोगाला नवे अल्कलाइन (एकदाच वापरायचे) सेल घालतो, मध्यंतरात बदलतो. एकदाही माईक पडलेला नाही.

खर्जातला_सा
असहमत. चांगले निकेल मेटल हायड्राइड (म्हणजे चार्जिंगचे) सेल माईकमध्ये अल्कलाइनइतके सहज चालतात. आणि दर प्रयोगाला अर्धे भरलेले सेल कचऱ्यात टाकायचे?
निवेदिकाताई, सेलवर १.२ व्होल्ट लिहिलंय का? अल्कलाइन १.५ पासून हळूहळू उतरतो, चार्जिंगचा सेल बराच वेळ १.२ च्या आसपास टिकून राहतो. कांड्या व्होल्टेजवरून ठरतात, त्यामुळे भरलेला सेलही रिकामा दिसतो. मेनूत बॅटरीचा प्रकार निवडायची सोय आहे का बघा.

नादखुळा
मेमरी इफेक्ट असणार, म्हणजे अर्धवट उतरलेले सेल सारखे चार्ज केले की ते कमी चालतात. सेल पूर्ण उतरवून चार्ज करा.

खर्जातला_सा
तो त्रास जुन्या निकेल कॅडमियमचा. इथे पूर्ण उतरवू नका. दोन्ही सेल एका रांगेत असतात. एक आधी संपला की दुसरा त्याच्यातून प्रवाह रेटतच राहतो, संपलेल्याचे अधिक-उणे उलटतात आणि तो कायमचा बाद होऊ शकतो.

सुरेल
शिट्टी येत असेल तर माईक स्पीकरसमोर नेऊ नका.

निवेदिका_२
शिट्टी येत नाहीये! १.२ च लिहिलंय. मेनूत प्रकार बदलला, कांड्या पूर्ण दिसतात. पण माईक पुन्हा ५० मिनिटांनी बंद.

मल्टिमीटरवाला
मग कांडीचा आणि बंद पडण्याचा प्रश्न वेगळा. बंद पडल्यावर लगेच दोन्ही सेलचं व्होल्टेज वेगवेगळं मोजा. चार्जरवर दोन सेलना मिळून एकच दिवा आहे का?

निवेदिका_२
हो, एकच. भावाने मोजलं: एक १.२४, दुसरा १.०२.

मल्टिमीटरवाला
१.०२ वाला दगा देतोय. जोडीने चार्ज करणाऱ्या चार्जरला कोणता सेल भरला, कोणता नाही, हे कळत नाही. दिवा हिरवा होतो, एक उपाशी राहतो. प्रत्येक सेल स्वतंत्र तपासणारा चार्जर घ्या. सेलवर मार्करने १-१, २-२ असे आकडे घाला आणि जोड्या कधीही मोडू नका.

पडद्यामागे
१.५ व्होल्टचे लिथियम-आयन सेल मिळतात, ते घ्या की.

मल्टिमीटरवाला
ते शेवटपर्यंत १.५ च देतात आणि मग एकदम बंद. निवेदनात मला तो धोका नको वाटतो.

निवेदिका_२
तो सेल बाजूला काढला. दुसऱ्या जोडीवर तालीम केली, दोन तास झाले, माईक चालू आहे. आकडेही घातले. शनिवारी अल्कलाइनची एक कोरी जोडी खिशात ठेवीन, पण ती घातली तर मेनूत प्रकार परत बदलायचा ना?

खर्जातला_सा
हो. आणि कार्यक्रम झाला की सेल काढून ठेवा. अल्कलाइन आत राहून पाझरला तर संपर्काच्या पट्ट्या गंजतात.

सुरेल
माझ्या कॉलर माईकची वायर घामाने खराब होते, उपाय?

मल्टिमीटरवाला
वेगळा धागा काढा, तिथे लिहितो.